आमच्या स्नेहसंमेलनात नाताळचे गाणे का नको?

(तृतीय वर्ष कला)

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांची बैठक बसली होती. नेहमीप्रमाणे कोणी फिशपाँडच्या चिठ्ठ्यांची काळजी करीत होते, कोणी एकांकिकेची, तर कोणी रेकॉर्ड डान्ससाठी नावे लिहून घेत होते. मी उठलो आणि म्हणालो, "नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर आपले संमेलन येते, तर आपण सर्वांनी मिळून नाताळचे एक गाणे वाजवू या. आणि तेही जॅझच्या ढंगाने." क्षणभर शांतता पसरली आणि मग जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. एकाने विचारले, "तळेघरच्या एसटीने येणाऱ्याला जॅझ कधीपासून कळायला लागला?" दुसऱ्याने मात्र गंभीरपणे विचारले, "भीमाशंकरच्या वाटेवर राहायचे आणि ख्रिश्चनांचे गाणे वाजवायचे, हे कशाला?"

हशा विसरता येतो, प्रश्न विसरता येत नाहीत. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. मी खाली बसलो आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. संमेलन झाले. मोठाल्या कर्ण्यांतून आयती गाणी वाजली, मुले त्यावर नाचली, टाळ्या पडल्या. घरी जाताना गाडीत खिडकीशी बसून मी मोजू लागलो की आज आपल्यापैकी किती जणांनी प्रत्यक्ष एखादे वाद्य वाजवले? एकानेही नाही. किती जण प्रत्यक्ष गायले? दोघे, आणि तेही तयार ट्रॅकवर. त्या हिशेबाने मला जे अस्वस्थ केले त्यातून हा लेख लिहीत आहे. उत्तर उशिरा सुचले आहे, पण सुचले आहे.

माझी सूचना काही आकाशातून पडलेली नव्हती. एका संध्याकाळी मोबाईलवर मी अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेच्या मुलांचे वादन ऐकले होते. गाणे होते 'गो टेल इट ऑन द माउंटन'. डोंगरावर जाऊन येशूच्या जन्माची वार्ता सांगा, अशा अर्थाचे हे नाताळचे गाणे. डोंगरावर राहणाऱ्या माणसाचे कान अशा गाण्याकडे साहजिकच वळतात! समोर पाच सॅक्सोफोन, मागे ट्राँबोन आणि ट्रंपेट, बाजूला पियानो, गिटार, मोठे बास आणि ड्रम. मुले आपल्याच वयाची, काही लहानसुद्धा. त्यांत कोणी फार मोठा कलावंत होता असे नाही. मागच्या रांगेतला एक मुलगा तर अख्ख्या गाण्यात चार-पाच स्वरांच्या पलीकडे गेला नाही. पण ते चार-पाच स्वर नेमक्या जागी येत होते, आणि ते नसते तर गाणे लंगडे पडले असते. मला त्या गाण्यापेक्षा त्या मुलाचेच जास्त कौतुक वाटले. माझ्यासारख्यालाही जागा असलेले संगीत मी प्रथमच पाहत होतो.

पुढे चौकशी केली तेव्हा समजले की तिकडे विद्यार्थ्यांच्या जॅझ वृंदासाठी अशी संयोजने मुद्दाम लिहून छापली जातात. सोपे, मध्यम, कठीण अशा त्यांच्या पायऱ्या असतात. पूर्ण वृंद साधारण सतरा वादकांचा, पण निम्मी मुले असली तरी गाणे उभे राहील अशी सोय केलेली असते. ट्रंपेटवाल्याला फार वरचा स्वर देत नाहीत, कारण कोवळ्या ओठांना तो झेपत नाही. जॅझमध्ये एकट्याने आयत्या वेळी सुचेल तसे वाजवण्याची जागा असते. पण ज्याला अजून तसे सुचत नाही त्याच्यासाठी त्या जागेत वाजवायचे स्वर लिहूनही दिलेले असतात. आपल्याकडे नवशिक्या गायकाला गुरुजी ताना लिहून देतात, पाठ करून घेतात, आणि मग एके दिवशी म्हणतात, आता तुझी तू घे. तसेच हे. थोडक्यात, संयोजन करणारा माणूस आधी मुले पाहतो आणि मग गाणे लिहितो. मित्रहो, माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. आपण आधी गाणे निवडतो, मग त्याला शोभतील अशी पाच मुले निवडतो आणि उरलेल्यांना प्रेक्षक करतो.

पण त्याआधी दुसऱ्या मित्राच्या प्रश्नाला सामोरे जायला हवे. हे गाणे ख्रिश्चनांचे. ते आपण का वाजवावे?

हे गाणे कोणाचे आहे ते पाहू. ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या भक्तिगीतांतून आलेले आहे. ज्यांची खरेदी-विक्री होत असे, ज्यांना अक्षर शिकवणे अनेक प्रांतांत गुन्हा होता, त्या माणसांनी धन्याचा धर्म ऐकला आणि त्यातून स्वतःची गाणी घडवली. धन्याने सांगितले, आज्ञा पाळा. त्यांना मात्र त्याच ग्रंथात गुलामांच्या सुटकेची कथा सापडली. यादवी युद्धानंतर, १८६६ साली, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. तीच पुढे फिस्क विद्यापीठ झाली. पैशाअभावी ती बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा १८७१ साली नऊ विद्यार्थी गाण्याचे कार्यक्रम करीत मदत गोळा करायला निघाले. त्यांतले बहुतेक गुलामगिरीतच जन्मलेले होते. सुरुवातीला त्यांना राहायला जागा मिळेना, खायला पुरेसे मिळेना. तरीही पहिल्या कार्यक्रमांची कमाई त्यांनी त्याच महिन्यात शिकागो शहराला लागलेल्या भीषण आगीतल्या पीडितांना देऊन टाकली. पुढे ते युरोपात गेले, राणी व्हिक्टोरियासमोर गायले, आणि मिळालेल्या पैशातून त्यांच्या शाळेची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. विद्यार्थ्यांनी गाऊन कॉलेज वाचवले, असे हे उदाहरण आहे. त्याच फिस्कमध्ये लॅटिन आणि इतिहास शिकवणारे जॉन वेस्ली वर्क यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशी जुनी गाणी जमवून छापली. 'गो टेल इट ऑन द माउंटन' आज आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

या भक्तिगीतांना पुढे ब्लूज आणि जॅझचा रंग चढला आणि ज्याला गॉस्पेल म्हणतात ते संगीत आकाराला आले. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान, सुवार्ता. त्याचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी हे एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. पण तरुणपणी ते गुत्त्यांतून आणि नाचघरांतून ब्लूज वाजवीत. १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखातून त्यांनी रचलेले गीत पुढे जगभर गायले गेले. पण सुरुवातीला अनेक चर्चवाल्यांनी त्यांची गाणी दारात उभी केली नाहीत. नाचघरातला ठेका देवाच्या घरात कशाला, असा त्यांचा आक्षेप! म्हणजे माझ्या मित्राने बैठकीत विचारलेला प्रश्न शिकागोतही विचारला गेला होता, फक्त उलट बाजूने. जॅझलाही विद्यापीठांनी सहज आत घेतले नाही. टेक्सासमधल्या एका कॉलेजाने १९४७ साली जॅझचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्याला जॅझ न म्हणता 'डान्स बँड' असे नाव दिले होते. जॅझचे थोर संयोजक ड्यूक एलिंग्टन यांनी १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या चर्चमध्ये आपला वृंद नेऊन उपासनेचे संगीत वाजवले, तोपर्यंत बरीच वर्षे जावी लागली.

आता घराजवळ येऊ. आमच्या तळेघरहून भीमाशंकर जवळ. लहानपणी महाशिवरात्रीला आजोबांच्या खांद्यावर बसून मी तिथली मोठी घंटा पाहिली आहे. त्या घंटेवर १७२९ हे साल इंग्रजी आकड्यांत कोरलेले आहे आणि ती मुळात चर्चची घंटा आहे, हे मला खूप नंतर समजले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि एक आमच्या भीमाशंकरला.

या घंटेवरून मला खोटा उपदेश करायचा नाही. ती काही कोणी प्रेमाने भेट दिलेली नाही. ती लढाईत जिंकून आणलेली आहे. आणि वसईत पोर्तुगीजांनी तिथल्या प्रजेला जे जाच केले ते इतिहासात नमूद आहेत. पण मला नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. इतकी वर्षे झाली, लढणारे गेले, राज्ये गेली. आणि या काळात लाखो भाविकांनी ती घंटा वाजवून शंकराला हाक दिली. तिचा नाद ख्रिस्ती आहे म्हणून देवळात वाजवू नये असे कोणाच्या मनात आले नाही. वसईत ज्या घंटेने नाताळची रात्र जागवली असेल, तिने आमच्या महाशिवरात्री जागवल्या. ज्याचा देव एवढा नाद सहन करतो, त्या भक्ताने एका गाण्याला घाबरावे का?

आणि गाणे वाजवल्याने माणूस बाटतो म्हणाल, तर हार्मोनियमचे काय करायचे? ती १८४२ साली पॅरिसमध्ये जन्मली. आज तिच्याशिवाय गावात भजन उभे राहत नाही. आकाशवाणीने १९४० पासून अनेक वर्षे हार्मोनियमला परकी म्हणून बंदी घातली होती. पण आमच्या भजनी मंडळांनी ती बंदी कधी मनावर घेतली नाही. तरी पेटी वाजवून आजवर कोणी बुवा फ्रेंच झाल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय ही देवघेव एकेरी नाही. कोकणात जन्मलेले, संस्कृत आणि मराठी संतवाङ्मयावर पोसलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी पाहिले की मराठी ख्रिस्ती मंडळी बहुतांशी विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गातात. ती तोंडात बसत नाहीत आणि काळजातही उतरत नाहीत. म्हणून त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, भजनात आणली, कीर्तनात आणली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती. मराठी चर्चमधल्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही टिळकांची अनेक पदे आहेत. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासाला म्हणून का होईना वाचले आहे. म्हणजे टाळ आणि मृदंग घेऊन मराठीतून नाताळ गाणे ही शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे. मी सुचवतो ते नवे नाहीच.

उरला जॅझ. तोही आपल्याला वाटतो तितका परका नाही. गोव्यात चर्चशेजारच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुले मोठी होऊन मुंबईला आली आणि १९३० नंतरच्या काळात ताजमहालसारख्या हॉटेलांतून जॅझ वाजवू लागली. पुढे मुंबईत दारूबंदी आली, नाचघरे मंदावली, आणि या वादकांनी हिंदी चित्रपटांची वाट धरली. आळदोणा गावचे चिक चॉकलेट हे त्यांतलेच एक. आणि त्यांची गाठ कोणाशी पडली? आपल्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांशी, म्हणजे सी. रामचंद्रांशी. १९५१ सालचा 'अलबेला' आठवा. भगवानदादांच्या पावलांमागे जो ट्रंपेट वाजतो, ज्याच्यावर आजही गावागावच्या वराती नाचतात, तो जॅझचाच नातेवाईक आहे. आपण जॅझ ऐकत आलो आहोत, फक्त नाव ठाऊक नव्हते.

याच मंडळींतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. आपल्याला त्यांचे नाव माहीत आहे ते 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या विनोदी गाण्यामुळे. पण ते संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते आणि शिष्याने गाण्यातून केलेले ते गुरुवंदन होते. गोन्साल्विसांचे स्वप्न होते की भारतीय रागसंगीत मोठ्या वृंदासाठी लिहावे. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात असा कार्यक्रम करून दाखवला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अशा संयोजकांची नावे क्वचितच येत. तरी प्रत्येक वादकापुढे त्याच्या हाताला झेपेल असा कागद ठेवण्याचे काम त्यांनीच केले.

आता मी मूळ दुखण्याकडे येतो. माझ्या वर्गात एक मित्र आहे. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण लिहू नये अशी त्याची इच्छा आहे. लग्नसराईत तो बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. चुलत्याची पार्टी आहे. सुपारी आली की चार दिवस कॉलेजला येत नाही. विचारले तर "गावी काम होते" म्हणतो. एकदा योगायोगाने मी त्याला वरातीत पाहिले. अंगात तो लाल कोट, डोक्यावर दिव्यांचे लखलखाट, समोर नाचणारे लोक त्याच्याकडे न बघता नाचत होते. त्याने मला पाहिले आणि ट्रंपेट खाली घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वर्गात सांगू नकोस रे." मित्रहो, मला त्या वाक्याची जितकी लाज वाटली तितकी आमच्या बैठकीतल्या हशाची वाटली नाही. आपल्यात एक खरा वादक बसलेला आहे, आणि कला शाखेच्या कॉलेजात त्याला आपली कला लपवावी लागते! जॅझ जन्माला आला तो अशाच वराती आणि अंत्ययात्रांत वाजवणाऱ्या बँडवाल्यांच्या हातून, न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यावर. तिकडे त्या वादकांचे चरित्रग्रंथ झाले. इकडे आपण त्यांना पंगत उठल्यावर जेवायला बसवतो.

आणि तो एकटाच नाही. नारायणगाव आपल्या शेजारच्या तालुक्यात. तमाशाची पंढरी म्हणतात तिला. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाले, हे आपण अभिमानाने भाषणात सांगतो. पण ढोलकी आणि हलगी वाजवणारी मुले आपल्या वर्गात असून संमेलनात दिसत नाहीत. पश्चिमेकडच्या गावांतून येणाऱ्या मुली भाताच्या आवणीत कमरेइतक्या वाकून गातात. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. कीर्तनात बुवा म्हणतो आणि टाळकरी ध्रुवपद उचलतात. तमाशात मागचे झीलकरी सूर धरतात. गॉस्पेलचा सगळा प्राण यातच आहे: एकाने हाक द्यायची आणि सर्वांनी ओ द्यायची. आपल्याला जे मुळातच येते ते आपण संमेलनाच्या दाराबाहेर ठेवतो आणि आतमध्ये आयता ट्रॅक लावतो.

"बोलणे सोपे, करून कसे दाखवणार?" असे प्राध्यापक मंडळी विचारतील आणि त्यांचा तो हक्कच आहे. मी गेले काही महिने पेटीवर बोटे फिरवून जे जमवले ते मांडतो. चुकले असेल तर जाणकारांनी कान धरावा.

पहिली गोष्ट पट्टीची. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट ही बँडमधली वाद्ये बहुधा बी फ्लॅटची असतात, म्हणजे त्यांचा सोपा 'सा' आपल्या पेटीच्या काळी पाचवर येतो. तेव्हा गाणे काळी पाचमध्येच बांधावे. पेटीवाल्याला कोणतीही पट्टी सारखीच. पण ट्रंपेटवाल्याला ती घरची वाटेल. आधी मुले पाहायची, मग गाणे लिहायचे, ते असे.

दुसरी गोष्ट स्वरांची. पेटीवर सा-ग-प हे तीन स्वर एकदम दाबावेत. मग म-ध आणि वरचा सा. मग पुन्हा सा-ग-प. चर्चमध्ये प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणताना हीच ये-जा ऐकू येते, आणि गॉस्पेलचा निम्मा रंग तिच्यात आहे. उरलेला रंग गंधारात. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर घसरत यायचे. आपल्या जोग रागात दोन्ही गंधार आहेतच, त्यामुळे आपल्या कानाला हे खटकणार नाही.

तिसरी गोष्ट लयीची. संथ गॉस्पेलमध्ये चार मात्रा असतात आणि प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे पडतात. ढोलकीवाल्याला सांगावे, दादरा धर पण घाई करू नकोस. टाळी मात्र पहिल्या मात्रेवर नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची. सगळी गंमत या टाळीत आहे, आणि सगळी अडचणही! मी आमच्या ओसरीवर चुलतभावंडांना बसवून हे करून पाहिले. पहिले दोन दिवस सगळ्यांचे हात पहिल्या मात्रेवरच पडत. तिसऱ्या दिवशी आजी चुलीपाशी बसल्या बसल्या बरोबर टाळी देऊ लागली, आणि मग सगळ्यांना जमले.

आणि मांडणी अशी: आरंभी ठेका नाही, फक्त पेटीचे लांब स्वर आणि त्यावर एकटा ट्रंपेट, सावकाश. मग एका मुलीने ओळ गायची, सर्वांनी उचलायची. शब्द मराठी असावेत आणि आपल्यापैकीच कोणी रचावेत. वार्ता डोंगरावरून सांगायची आहे, तर डोंगर आपलाच असावा. मग ढोलकी आणि टाळ आत येतील. ज्याला चारच स्वर येतात त्याला चार स्वर द्यावेत. मध्ये आठ मात्रांची जागा क्लॅरिनेटला, आठ हलगीला. शेवटी लय दुप्पट, जसा भजनाचा शेवट गजरात होतो तसा. गॉस्पेलचाही शेवट तसाच होतो.

आक्षेप अजून उरतात. कोणी म्हणेल, आपली गाणी असताना हेच कशाला? आवणीचे गाणे बसव ना! जरूर बसवू. खरे तर मला तिथेच पोहोचायचे आहे. पण घरातली वस्तू कधी कधी शेजाऱ्याच्या घरी पाहिल्यावर दिसू लागते. हाक आणि ओ यांचे सामर्थ्य मला फिस्कच्या मुलांची कथा वाचल्यावर कळले, आणि मग आजीच्या गाण्यात ते ऐकू आले. एक गाणे असे बांधता आले की दुसरे बांधणे जमेल.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. गुलामांच्या अश्रूंतून आलेले गाणे आपण संमेलनात टाळ्यांसाठी वाजवावे, हे बरे का? या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणतो की गाण्यापूर्वी कोणीतरी उभे राहून ते कोणी आणि कसे घडवले ते दोन मिनिटांत सांगावे. ज्यांच्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या बांधावर राबताना गाणी म्हटली, त्यांच्या नातवंडांना ते समजायला फार वेळ लागणार नाही. उलट मला वाटते, तयार ट्रॅकवर नाचणाऱ्यांपेक्षा आपण त्या गाण्याचा मान जास्त राखू.

तिसरा आक्षेप, बेसूर होईल! होईल. पहिल्या वर्षी नक्कीच होईल. पण कॉलेज ही बेसूर होण्याची हक्काची जागा आहे. इथे चुकायचे नाही तर कुठे चुकायचे?

म्हणून माझी संमेलनाच्या समितीला आणि प्राध्यापकांना दोनच मागणी आहेत. येत्या संमेलनात दहा मिनिटे अशी ठेवावीत की ज्यांत कोणताही ट्रॅक वाजणार नाही. जे वाजेल ते आपल्या हातांनी आणि गळ्यांनी. आणि कार्यक्रम संपल्यावर प्रत्येक वादकाचे नाव त्याच्या वाद्यासकट पुकारावे, अगदी चार स्वर वाजवणाऱ्याचेसुद्धा.

माझ्या मित्राला मी हा लेख छापायला देण्यापूर्वी वाचून दाखवला. लाल कोटाच्या उल्लेखापाशी तो गप्प झाला. शेवटी म्हणाला, "काळी पाच म्हणालास ना? मग जमेल." आणखी काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पिशवीतून ट्रंपेटची तोटी घेऊन आला होता, ओठ तयार राहावेत म्हणून.

तेव्हा मित्रहो, आमची तयारी सुरू झाली आहे. ज्यांना यायचे त्यांनी जे वाद्य असेल ते घेऊन यावे. नसेल तर हात आहेतच. ज्यांना हसायचे त्यांनी खुशाल हसावे. मात्र टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यावी, एवढी विनंती.